भरून सांडेपर्यंत

मोटार मागे सरली ती जेमतेम दीड हात. सोमवारी सकाळी, सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या उतारावर, अक्कलकोटचे उतारू चढत असताना. दीड हात म्हणजे काही फार नव्हे; एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मागच्या चाकाखाली काहीतरी कडाकडा मोडलं आणि एक बाई ‘पोर गेलं, पोर गेलं’ म्हणून किंचाळली. मग सगळेच ओरडले. वाकून पाहिलं तेव्हा चाकाखाली वळसंगच्या बजाबाईची नवी बांबूची दुरडी निघाली; वर फडकं बांधलेलं, आत दोन खण आणि पावशेर फुटाणे. पोर पलीकडे आईच्या कडेवर मजेत बोट चोखत होतं. बजाबाईने दुरडीचे तुकडे ओढून काढले, ज्याने कुणी मोटार शोधून काढली असेल त्याच्या सात पिढ्या तिथल्या तिथे उद्धरल्या, लोक हसले, मालकांनी बुरुडाकडून दुसरी दुरडी आणवली आणि उतारूंना दुसऱ्या मोटारीत बसवून दिलं. झालं, मिटलं. मिटलं नाही ते एकट्या मायाप्पाच्या डोक्यात. ते मोडणं ऐकू येणं आणि ती दुरडी दिसणं यांच्या मध्ये जो एक क्षण गेला, त्या क्षणात चाकाखाली कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि नेमका तेव्हा मायाप्पाच्या मनात जो पहिला विचार आला तो पोराचा नव्हता. ‘दाजींनी ब्रेकचा दांडा ओढला नसेल,’ असा तो विचार होता. म्हणजे खाली माणूस असलं तरी आपण सुटलो, असा. नंतर दिवसभर त्याने आपल्याशीच वाद घातला, की असा विचार आपल्याला आलाच नव्हता. पण आला होता.

दाजी म्हणजे धुळाप्पा, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि त्या मोटारीचे डायव्हर. मायाप्पा त्याच मोटारीचा मिस्त्री. दोघेही चनमल्लप्पा मालकांचे नोकर, आणि राहायला एकाच घरात, म्हणजे दाजींच्या. सोमवारी संध्याकाळी मालकांनी दोघांना समोर उभं केलं होतं. रागावले नव्हते, रागावले असते तर बरं वाटलं असतं. ‘एनप्पा मायाप्पा,’ ते म्हणाले, ‘ब्रेक लागला न्हाय, का ब्रेक लावला न्हाय? येवढं एक मला उद्या दिवे लागायच्या आत सांग. लागला नसंल तर मिस्त्री बदलतो. लावलाच नसंल तर डायव्हर बदलतो. दोघांत एक. माझ्या मोटारीत माणसं बसत्यात, कापसाचे गठ्ठे न्हाईत.’ एवढं बोलून ते पिशवी उचलून घरी गेले होते. आता मंगळवारची दुपार झाली होती. साखर पेठेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मायाप्पा मोटारीच्या मागच्या धुऱ्याखाली उताणा पडला होता, आणि दाजी शेडच्या दारात उकिडवे बसून होते. सकाळी सातपासून बसले होते. आत येत नव्हते, घरी जात नव्हते, विडी काढत होते आणि न पेटवता परत कानावर ठेवत होते. शेजारच्या घरांतून हातमागांची खटखट चालली होती. मोटारीखालून मायाप्पाला दाजींचे फक्त पाय दिसत होते, नालाच्या वहाणांतले, आणि त्या पायांकडे पाहायचं नाही असं ठरवूनही तो पुनःपुन्हा तिकडेच पाहत होता.

ब्रेकची गोष्ट तशी साधी होती. या मोटारीला चालताना थांबवायचा ब्रेक पायाशी, तो पुढे गिअरच्या पेटीत. आणि उभी असताना धरून ठेवायचा ब्रेक हाताच्या दांड्याला, तो मागच्या दोन चाकांच्या डब्यांत. दांडा मागे ओढला की डब्यातल्या कमानी फाकतात आणि चाकाला आतून धरतात. धरायचं तर त्या दोन्हीकडच्या कोरड्या हव्यात. आणि डाव्या चाकाचा डबा काही केल्या कोरडा राहत नव्हता. धुऱ्याच्या मधोमध दातेरी चक्रांचा गोळा आहे, त्यात तेल असतं. ते तेल धुऱ्याच्या नळीतून सरकत सरकत चाकापर्यंत यायचं, बेरिंग ओलांडायचं आणि डब्यात उतरायचं. ते अडवायला बेरिंगच्या तोंडाशी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक कडी बसवलेली असते. पाडव्याच्या सुमारास मायाप्पाने ती बदलली होती. महिन्यात परत तेल. मग त्याने चाक ओढून काढलं, बेरिंगच मुंबईहून नवं मागवलं, पट्टीला पीळ देऊन केलेले त्यातले रूळ एकेक करून रॉकेलमध्ये धुतले, धुऱ्यावर बोट फिरवून कुठे खाच पडली आहे का ते पाहिलं, कडी नवी घातली, बाहेरून चामड्याचा वायसर दिला, सगळं आवळलं. त्याला आता तीन आठवडे झाले होते. आणि आज डबा उघडला तर कमानींवर काळं, चकचकीत, बोटभर तेल. त्याने ते गिरणीच्या सुताच्या चिंधीने पुसलं, परत पाहिलं, परत पुसलं. चूक कुठे आहे तेच समजेना. हात तर बरोबर चालले होते. आपले हात बरोबर चालले होते असं आपल्याला वाटतं, पण तसं ते चुकणाऱ्यालाही वाटतच असणार. मग कळायचं कसं?

कडीवर तर त्याचा संशय जाणंच शक्य नव्हतं. ती त्याने एका पिंजाऱ्याकडून घेतलेल्या जाड बुरणुसातून कापली होती, आणि लोकरीतलं त्याला दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीपेक्षा जास्त कळत होतं. त्याचा बाप येडू नातेपुत्याच्या माळांवर मेंढरं राखायचा. पावसात मेंढरू भिजलं की पहिल्यांदा काहीच होत नाही. लोकर पाणी पीत जाते, पीत जाते, वरून हात लावला तर मेंढरू कोरडंच वाटतं. आणि पोट भरलं की तीच लोकर एकदम सगळं सोडून देते आणि उभ्या मेंढराखाली डबकं होतं. लहानपणी तो वाघरात, मेंढरांभोवतीच्या जाळ्याच्या कुंपणात, अशा ओल्या मेंढराला टेकून झोपायचा आणि मध्येच पाठ भिजून उठायचा. तो नऊ वर्षांचा असताना बाप गेला, माळावरून थेट; आणि म्हाळसाअक्का त्याला सोलापूरला घेऊन आली. तेव्हा दाजी बैलगाडी हाकायचे, स्टेशनातून जुन्या गिरणीत कापूस आणायचे. त्या पोरक्या पोराला त्यांनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही, नुसतं उचलून गाडीत गठ्ठ्यांवर बसवलं आणि गावभर फिरवलं. कापसाच्या गठ्ठ्यावर बसून किल्ल्याचा बुरूज पाहिल्याचं मायाप्पाला अजून आठवतं. तेव्हा आपण रडत होतो की हसत होतो ते मात्र आठवत नाही. अक्का म्हणते हसत होतास, पण तिचं काय खरं धरावं.

अक्का बाराच्या सुमारास भाकरी घेऊन आली. दारातल्या नवऱ्यापुढे तिने एक फडकं सोडलं, त्याने मान हलवली, तिने परत बांधलं, आणि ती आत येऊन मोटारीजवळ खाली बसली. मायाप्पा बाहेर सरकला. हात तेलाचे होते म्हणून तिनेच भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात दिला, तो नऊ वर्षांचा असताना देत होती तसाच. ‘मायाप्पा,’ ती हळूच म्हणाली, ‘तुजे दाजी रातभर झोपलं न्हाईत. बाजंचा गात, कडंचा दांडका, धरून वढत हुते. ह्या उजव्या हातानं. वढायचं आन बगायचं, वढायचं आन बगायचं. मला म्हनत्यात, म्या वढला हुता का गं? म्हनलं, मला काय ठावं, मी का मोटारीत हुते? तर म्हनत्यात, वीस वरसं गाडी हाकली, बैल सोडायच्या आदी चाकाला धोंडा लावायचा कदी इसरलो न्हाय, आन आता ह्यो हात इसरला. आटवतच न्हाय म्हनत्यात.’ तिने पदराने त्याच्या ओठाला लागलेली चटणी पुसली. ‘समदी म्हनत्यात, तू उडी मारून दांडा वढलास म्हनून थांबली. तू नसतास तर काय झालं असतं रं! म्हनून तुला इचारते. त्यास्नी आटवत न्हाय. तुला तर आटवत असंल की?’ मायाप्पाने भाकरी चावली. भाकरी बराच वेळ चावावी लागते हे एक बरं असतं. ‘बगतो,’ तो म्हणाला, ‘आदी ह्ये उगडून बगू दे.’ हे काही उत्तर नव्हतं, पण अक्काने ते उत्तर म्हणून घेतलं आणि ती उठली.

ती गेल्यावर तो परत खाली शिरला आणि पाना हातात घेऊन नुसताच पडून राहिला. तुला तर आठवत असेल की. आठवत होतं ना. लोक सांगत होते तसंच आठवत होतं. किंचाळी आली, तो पायरीवर चढला, दांड्याला हात घातला, ओढला, मोटार थांबली. सोमवारी सकाळपासून त्याने हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की तो चित्र असल्यासारखं बाहेरून पाहत होता: एक मायाप्पा धावतो, एक मायाप्पा ओढतो. हॉटेलवाल्या संगप्पाने तर त्याला त्यापायी फुकट चहा पाजला होता. फक्त एक गोष्ट त्या चित्रात बसत नव्हती. दांडा ओढला की त्याच्या बुडाच्या दातांवरून कटकट असा आवाज येतो. तो आवाज त्याला आठवत नव्हता. आरडाओरड्यात ऐकू आला नसेल. बरं. पण तळहाताचं काय? त्याने पाना ठेवला आणि उजवा हात डोळ्यांपुढे धरला. दांडा ओढताना सुरुवातीला तो सैल येतो, मग जड होतो, मग खांद्यातून जोर लावावा लागतो. खांद्याला तसं काही झालंच नव्हतं. तळहाताने दांडा धरला होता, अंग मागे टाकलं होतं, आणि दांडा जागचा हलला नव्हता. कारण हलायला जागाच नव्हती. तो शेवटच्या दातापर्यंत मागे ओढलेला होता. मोटार थांबली ती चाकाखाली दुरडी आली म्हणून.

हे आपल्याला आत्ता आठवलं की सोमवारीच ठाऊक होतं? आत्ता आठवलं, असं त्याने स्वतःला ठासून सांगितलं. पण आत्ताच आठवलं असेल तर कालपासून दाजींच्या पायांकडे पाहवत का नव्हतं? आणि संगप्पाने चहा पुढे केला तेव्हा तो अर्धा तसाच ठेवला, तो साखर जास्त पडली म्हणून? मनात एकाच वेळी दोन माणसं असावीत, एकाला सगळं ठाऊक आणि दुसरा त्याला बोलू देत नाही, असं काहीतरी चाललं होतं. त्या दोघांत मायाप्पा नावाचा कोण, हे ठरवता येईना. दांडा ओढलेला होता, म्हणजे दाजी सुटले. दाजी सुटले, म्हणजे ब्रेक लागला नाही. ब्रेक लागला नाही, म्हणजे मिस्त्री गेला. हिशेब इतका सरळ होता की त्यात गोंधळायला जागा नव्हती, आणि तरी तो गोंधळला होता. मुख्य म्हणजे आपली चूक काय ते त्याला अजून सापडलं नव्हतं. चूक न सापडताच नोकरीवरून जायचं, हे त्याला फार अन्यायाचं वाटलं. निदान चूक तरी बघून जावी म्हणून त्याने धुऱ्याच्या गोळ्याचं बूच उघडायला घेतलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने त्यात स्वतः मोजून तेल घातलं होतं, गोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. वाहून गेलं असेल तर किती गेलं, ते कळलं असतं.

बूच दोन आटे फिरलं आणि तेल बाहेर आलं. नुसतं पाझरलं नाही. हातावरून, मनगटावरून, बाहीत शिरून काखेपर्यंत आलं. त्याने बूच पूर्ण काढलं तेव्हा धार लागली. खाली घमेलं ओढून घ्यायचंही त्याला काही वेळ सुचलं नाही. गोळा काठोकाठ भरलेला होता. तीन आठवडे गळून, डबा भिजवून, रस्त्यावर सांडून वर काठोकाठ भरलेला. हे होईल कसं? क्षणभर त्याला खरोखरच वाटलं की ही मोटार आतल्या आत तेल तयार करते. गाय पान्हा सोडते तसं तिचं काहीतरी असेल, पुस्तकात लिहायचं राहून गेलं असेल. लोकरीच्या कडीचा, बेरिंगचा, आपल्या हाताचा, कुणाचाच दोष नव्हता. इतकं तेल कुठलीही कडी अडवू शकली नसती. मग त्याच्या लक्षात आलं की दारातले पाय उठून जवळ आले आहेत. वहाणा मोटारीशी येऊन थांबल्या, गुडघे वाकले, आणि दाजींचं तोंड खाली डोकावलं. डोळे तांबारलेले, दाढीचे खुंट वाढलेले. त्यांनी त्या धारेकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, ‘कमी पडलं का रं?’

‘काय कमी पडलं?’

‘त्याल. सोमवारी वाईच घाई हुती, उतारू आले हुते. पर भरलं हुतं म्या. वर येस्तवर भरलं हुतं. थेंबभर कमी झालं असलं तर ठावं न्हाय.’

‘दाजी, ह्यात तुमी त्याल घालता?’

‘मग! रोज सकाळी. बैलाच्या आदी गाडीचा कना, चाकाचा आस, ह्ये तर पैल्यापासून हाय आपलं. कोरड्या कन्यावर माल चढवू ने.’ आणि मग, लेकरासारख्या वाढवलेल्या मेव्हण्याचं कौतुक करावं अशा आवाजात ते म्हणाले, ‘तूच दावलंस की मला. इसरलास व्हय?’

तो विसरला होता. खरंच विसरला होता, आणि आता ते सगळं इतकं लख्ख पुढे आलं की त्याला उताण्या उताण्या डोळे मिटून घ्यावेसे वाटले. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षी ही मोटार आली तेव्हा तो पुण्याच्या एका गॅरेजमध्ये सहा महिने काढून परतला होता. सहा महिने त्याने काय केलं, तर दुसऱ्यांनी काढलेले भाग रॉकेलमध्ये धुतले. पण सोलापुरात पत्रा ठोकणाऱ्यालाही लोक मिस्त्री म्हणत, तोही मिस्त्री झाला. त्यानेच मालकांकडे शब्द टाकून दाजींना डायव्हरकी मिळवून दिली होती. मोटारीला हार घातला, नारळ फुटला, मालक गेले, आणि दाजींनी मोटारीभोवती एक फेरी मारून विचारलं, ‘मायाप्पा, हिच्या कन्याला वंगन कुटं घालायचं?’ बैलगाडीच्या मागे त्यांचं वंगणाचं नळकांडं कायम टांगलेलं असे. निघण्याआधी दोन्ही आसांना एरंडेल आणि जळक्या चिंध्यांचा काळा लेप दिल्याशिवाय त्यांनी बैल कधी जुंपले नव्हते. मायाप्पाला ठाऊक नव्हतं. ‘ठाऊक नाही’ हे तीन वर्षांपूर्वी त्याला जिभेवरून उतरवता आलं नाही. तो नव्या कपड्यांनिशी खाली शिरला, बूच शोधलं, उघडलं आणि तेलाचा डबा लावला. किती घालायचं? ज्वारी मोजतात तेव्हा माप सांडेपर्यंत भरतात. काठाशी थांबला तो मनाचा कोता, असंच तो लहानपणापासून पाहत आला होता. देवापुढचा दिवा भरतानाही अक्काचं तेल वातीवरून ओघळायचं. तेल बुचातून बाहेर आलं तेव्हा तो थांबला. ‘हितं,’ तो मोठ्या रुबाबात म्हणाला होता. ‘भरून सांडेपातुर.’ दाजींनी ते दोनदा स्वतःशी म्हणून घेतलं होतं.

दुसऱ्या वर्षी मुंबईचा एक माणूस मोटारी बघत होटगीपर्यंत आला होता. त्याच्याजवळच्या पुस्तकात चित्र होतं, आणि चित्रात गोळ्याच्या तिसऱ्या हिश्शावर एक आडवी रेघ. यावर भरलं तर चाकांत उतरतं, तो माणूस म्हणाला. त्याच दिवशी मायाप्पाने दोन्ही मोटारींचं जास्तीचं तेल काढून टाकलं. काढताना शेडचं दार लोटून घेतलं होतं. दाजींना सांगायचं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. जेवताना सांगू, उद्या सांगू. पण सांगायचं म्हणजे ‘तेव्हा मला येत नव्हतं’ असं सांगायचं, आणि दाजी तर चार लोकांत ‘आमचा मायाप्पा म्हंजी’ असं सुरू करून थांबतच नसत. मग तेल घालणं आता आपल्याकडेच आहे, दाजी कशाला घालतील, असं त्याने धरून टाकलं. धरून टाकलं, की बघायचं टाळलं? दाजींच्या धोतराला सकाळी सकाळी गुडघ्याशी तेलाचे डाग असायचे. अक्का कुरकुरत धुवायची. ते डाग त्याने रोज पाहिले होते.

‘कमी पडलं का, सांग की,’ दाजी परत म्हणाले. त्यांच्या मनात वेगळीच आशा उगवली होती, हे त्याला त्यांच्या आवाजावरून समजलं. तेल कमी पडून काही झालं असेल, तर मग हाताने दगा दिला नसेल. ‘न्हाय दाजी,’ तो म्हणाला, ‘कमी न्हाय पडलं.’ आणखी एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं एक वाक्य बोलला असता तर ते तिथेच उभ्याने मोकळे झाले असते. ‘मग ह्योच,’ दाजी उजवा हात उलटा सुलटा करत म्हणाले, ‘ह्यानंच घात केला म्हनायचा,’ आणि परत जाऊन दारात बसले. मायाप्पाला स्वतःचा इतका तिटकारा आला की त्याने हातातला पाना भुईवर आपटला. दाजींनी दचकून विचारलं, ‘लागलं का?’ त्यानंतर त्याने दोन तास काम केलं. तेल मापाला आणलं, डबा आणि कमानी रॉकेलने धुतल्या, राखेने घासून कोरड्या केल्या, चिंब झालेली कडी फेकून बुरणुसातून नवी कापली, बेरिंग पुसून बसवलं, चाक चढवलं, नट आवळून त्यात खिळा घातला. हात सराईतपणे चालले होते. त्या हातांचं त्याला आज काहीच कौतुक वाटत नव्हतं.

गिरणीचा साडेपाचाचा भोंगा झाला आणि मालक आले. टोपी काढून पत्र्याला टांगली. ‘हं,’ ते म्हणाले, ‘लागला न्हाय, का लावला न्हाय?’

मायाप्पाने तोंड उघडायच्या आत दाजी पुढे झाले. डोक्याचा पटका काढून त्यांनी हातात घेतला होता. ‘मालक, लावला न्हाय. माजीच चूक हाय. आटवून आटवून बगितलं, पर दांडा वढल्याचं आटवत न्हाय. म्हंजी न्हायच वढला. ह्यानं वढला म्हनून थांबली. पोर असतं खाली तर...’ त्यांनी पटका या हातातून त्या हातात घेतला. ‘दुसरा डायवर बगा. मायाप्पाचं काम चोख हाय.’

मालक मायाप्पाकडे वळले. ‘चोख हाय?’

नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. उद्यापासून डबा कोरडा राहणार होता, ते खोटंही ठरलं नसतं. दाजी परत बैलगाडी हाकतील, बैलगाडीत त्यांचा हात कुणी धरणार नाही, कदाचित ते सुखीच होतील. हे सगळं त्याच्या मनात इतक्या झरझर मांडलं गेलं की मांडणारा कोण याचीच त्याला भीती वाटली. ‘न्हाय मालक,’ त्याच्या तोंडून निघालं. ‘दांडा वढलेला हुता. म्या हात घातला तवा शेवटच्या दातावर हुता. म्या वढलाच न्हाय. वढायला काय उरलंच न्हवतं.’ मग बाकीचं सगळं आलं. तेल, बूच, पहिला दिवस, होटगीचं पुस्तक, तिसऱ्या हिश्शाची रेघ. यातलं सांगणं सोपं होतं; ते कामातलं होतं. सांगता सांगता चूक शोधून काढल्याचं थोडंसं समाधानही आवाजात आलं आणि ते ऐकून तो मध्येच गप्प झाला.

मालकांनी कपाळावरची विभूती बोटाने चाचपली. ‘म्हंजी ब्रेक लावला, पण लागला न्हाय. त्याल ह्यानं घातलं, पण तू शिकवलं म्हनून. आता ह्यात मी कुनाला काढू?’ त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ‘धुळाप्पा, उद्यापासनं मोटार तूच न्यायची. तुझा हात बरोबर हुता. आता ह्याचं काय करायचं ते तू सांग. त्यात तू बसनार हैस.’

दाजींनी मालकांचं शेवटचं बोलणं ऐकलं की नाही, कोण जाणे. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते. चेहऱ्यावर असं काही उमटलं होतं की मायाप्पाला वाटलं, आता हे हसणार. मग हळूहळू तो चेहरा बदलला. त्यांनी मान वर केली. ‘दांड्याला हात घातलास,’ ते सावकाश म्हणाले, ‘तवाच तुला ठावं हुतं? सोमवारीच?’

आज दुपारी आठवलं, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. किती खरं, ते त्याचं त्यालाही कधी कळणार नव्हतं. पण रात्रभर बाजेचा गात ओढणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याच्यापुढे अर्ध्याचं काय करायचं?

‘व्हय,’ मायाप्पा म्हणाला.

दाजींनी पटका डोक्याला गुंडाळला. दोन वेढे चुकले, ते सोडून परत घातले. ‘ठेवा त्याला,’ ते मालकांना म्हणाले. ‘हात चांगला हाय त्याचा.’ मग मायाप्पाकडे न पाहता, ‘घरी अक्काला तुजं तू सांग. म्या सांगनार न्हाय.’

ते रस्त्याला लागले. गिरणीतून सुटलेली माणसं पेठेकडे चालली होती, त्यांच्यातून त्यांचा पटका वरखाली होत लांब जाताना दिसत होता. मायाप्पा धावला, आणि दहा पावलांवर येऊन हळू झाला. घरचा रस्ता एकच होता. हाक मारली तर दाजी थांबतील की नाही, हे त्याला कळेना. आजवर ते नेहमी थांबले होते. तो दहा पावलं मागूनच चालत राहिला.